सिंह एकटा येत नाही

चामोर्शीतल्या एका अभ्यासिकेत मी जवळजवळ दोन वर्षं बसलो. पोलीस भरतीसाठी. तिथल्या भिंतीवर एक फ्लेक्स होता. मावळता सूर्य, त्याच्यासमोर आयाळ उडवत उभा असलेला सिंह, आणि खाली लिहिलेलं, की डुकरं कळपानं येतात, सिंह एकटा येतो. तुम्हीही हे कुठेतरी पाहिलं असेल. स्टेटसला ठेवलंही असेल. मी ठेवलं होतं.

आता गंमत ऐका. मोठ्या मांजरांमध्ये कायमचा कळप करून राहणारा प्राणी एकच आहे, आणि तो सिंह आहे. सिंहिणी मिळून शिकार करतात, एकमेकींच्या छाव्यांना दूध पाजतात. नर सिंहसुद्धा बहुतेक वेळा दोघं-तिघं भावाभावांची टोळी करून इलाखा धरतात, कारण एकट्या नराला तो फार दिवस टिकवता येत नाही. आणि डुकरं? रानडुकरांच्या माद्या पिल्लांसह कळपानं फिरतात, पण मोठा झालेला नर वर्षातला बराच काळ एकटाच हिंडतो. म्हणजे फ्लेक्सवरचं वाक्य नेमकं उलटं आहे. एकटं येतं ते डुक्कर.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मला फक्त एवढं माहीत होतं, की मार्गदर्शन शिबिराला आलेल्या एका सरांनी माइकवर सांगितलं होतं, ‘जंगलात एकच कायदा चालतो. जो बळकट तो जगतो. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलाय तो तुमचा मित्र नाही, तो तुमची जागा खाणारा आहे.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर जो बसायचा त्याच्यासोबत मी रोज पहाटे मार्कंड्याच्या रस्त्यावर धावायचो. सोळाशे मीटर. त्याच्याकडे स्टॉपवॉच होतं. माझा दम शेवटच्या चारशे मीटरला तुटायचा, तर तो स्वतःचा वेग कमी करून माझ्या बाजूनं धावायचा आणि ओरडत राहायचा. त्याच्या घरी बंगाली बोलतात. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत, त्यातल्या एका गावचा तो. भरतीच्या चार महिने आधी मला नागपूरहून सराव प्रश्नपत्रिकांचा एक चांगला गठ्ठा मिळाला. मी तो त्याला दाखवला नाही. बॅगेत तळाशी ठेवला आणि घरी जाऊन सोडवला. सरांचं वाक्य डोक्यात होतंच.

आमच्यापैकी कुणाचंच नाव यादीत आलं नाही. तो आता हैदराबादला कामावर आहे. गठ्ठ्याचं त्याला नंतर कुणाकडून तरी कळलं. तो काही बोलला नाही, फक्त फोन करणं थांबवलं.

हा लेख त्या सरांशी भांडण्यासाठी लिहितोय. थोडा माझ्याशीही.

आधी कायद्याचं बघू. ‘सर्वांत लायक तो टिकतो’ हे वाक्य लोक डार्विनच्या नावावर खपवतात. ते मूळचं हर्बर्ट स्पेन्सरचं, 1864 सालचं. डार्विननं ते पुढे 1869 मध्ये आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत घेतलं. आणि तिथे लायक म्हणजे दंड फुगवलेला नव्हे. लायक म्हणजे त्या परिस्थितीला जुळणारा, ज्याची वंशावळ पुढे चालते तो. कधी जुळणं म्हणजे लढणं असतं, कधी लपणं असतं, आणि कधी दुसऱ्याच्या पिल्लाला भरवणं असतं.

आमच्याकडे जंगल फोटोत बघावं लागत नाही. सातभाई घ्या. मळकट रंगाचे, कलकलाट करणारे, सात-आठच्या टोळीनं बांधीच्या धुऱ्यावर पालापाचोळा उलथत फिरणारे पक्षी. त्यांच्या घरट्यात पिल्लं असली, की फक्त आईबाप चारा आणत नाहीत, टोळीतले इतरही आणतात. साप दिसला तर सगळे मिळून त्याच्यावर ओरडत तुटून पडतात. ताडोब्यातली रानकुत्री घ्या. टोळीत बहुधा एकच जोडी विते, पण शिकारीहून परतलेले बाकीचे सगळे त्या पिल्लांना पोटातलं मांस ओकून भरवतात. कुणीतरी बिळापाशी राखणीला थांबतं. आग्या मोहोळाची कामकरी माशी माणसाला डसते तेव्हा तिचा काटेरी नांगा कातडीत अडकून राहतो आणि ती मरते. तिला स्वतःला पिल्लं नसतात. ती मोहोळासाठी मरते.

बळकट तोच जगतो हा एकच कायदा असता, तर हे सगळं दिसायलाच नको होतं. डार्विनलाही हा प्रश्न छळत होता. स्वतः अंडी न घालणाऱ्या कामकरी मुंग्यांचं कोडं त्यानं 1859 च्या ग्रंथातच मोठी अडचण म्हणून मांडलं. जिला संततीच नाही, तिचा त्यागी स्वभाव पुढच्या पिढीत पोचतो कसा?

बराच काळ यावर एक गोड उत्तर दिलं जायचं. प्राणी जातीच्या भल्यासाठी, कळपाच्या भल्यासाठी त्याग करतात. 1962 साली व्हिन-एडवर्ड्‌स या शास्त्रज्ञानं यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. पण त्यात एक भोक आहे. दहा त्यागी जनावरांत एक लबाड निघाला, जो घेतो पण देत नाही, तर त्याचीच पिल्लं जास्त जगतील. काही पिढ्यांत कळप लबाडांनी भरेल. नुसत्या चांगुलपणावर चाललेला कळप आतूनच पोखरला जातो.

पटणारं उत्तर 1964 साली विल्यम हॅमिल्टननं दिलं. सोपं करून सांगतो. माझ्या सख्ख्या भावात आणि माझ्यात निम्मी जनुकं वंशपरंपरेनं सारखी. चुलत भावात एक अष्टमांश. मी मदत करताना मला पडणारा खर्च जर समोरच्याच्या फायद्याला नात्यानं गुणून येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर मदत करायला लावणारं जनुक पुढे पसरू शकतं. हीच गोष्ट जे. बी. एस. हाल्डेन गमतीत म्हणायचे असं सांगतात, की मी दोन भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी जीव देईन. हे हाल्डेन 1957 मध्ये इंग्लंड सोडून कलकत्त्याला आले, भारतीय नागरिक झाले आणि हॅमिल्टनचे लेख छापून आले त्याच 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले.

1971 मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सनं दुसरा धागा जोडला. नातं नसलं तरी चालेल. आज मी तुला, उद्या तू मला. अट एवढीच, की आपली पुन्हा पुन्हा गाठ पडली पाहिजे आणि कोण बुडवतो ते लक्षात राहिलं पाहिजे. रक्त पिणारी वटवाघळं दोनतीन रात्री उपाशी राहिली तर मरतात. ज्याला त्या रात्री रक्त मिळालं तो उपाशी सोबत्याला ओकून पाजतो, आणि जो आधी पाजून गेलाय त्याला जास्त पाजतो. 1984 मध्ये जेराल्ड विल्किन्सननं हे दाखवून दिलं. माझ्या आजीला यात काही नवल वाटलं नसतं. रोवण्याच्या दिवसांत आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या बांधीत हे तिनं आयुष्यभर केलं. न येणाऱ्याच्या बांधीत पुढच्या वर्षी कुणी जायचं नाही. ‘एकट्यानं रोवना होते काय बाबू?’ ती म्हणायची.

आता सरांची बाजू घेणारे 1976 सालच्या डॉकिन्सच्या ‘सेल्फिश जीन’चं नाव काढतील. बघा, शास्त्रज्ञच म्हणतो, सगळे स्वार्थी. पुस्तकाच्या कव्हरवर थांबलेल्या लोकांचा हा युक्तिवाद आहे. त्या पुस्तकाचं म्हणणं असं, की निवड जनुकांच्या पातळीवर चालते, आणि म्हणूनच जनुकं वाहून नेणारं जनावर प्रत्यक्षात उदार वागू शकतं. आग्या माशीचं मरण हे त्याच हिशोबातून येतं. जनुकाचा स्वार्थ म्हणजे माशीचा स्वार्थ नव्हे.

मला सगळ्यात पटलेलं उदाहरण मात्र अभ्यासिकेच्या छतालाच लटकलं होतं. गांधीलमाश्यांचं कागदी घरटं. आम्ही झाडूनं पाडायचो, त्या पुन्हा बांधायच्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं आपल्याकडच्याच एका गांधीलमाशीचा, रोपॅलिडिया मार्जिनाटाचा, अभ्यास केला. या माश्यांत राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. राणी उचलून बाजूला केली, तर कामकऱ्यांपैकीच एक काही वेळात भांडखोर होते आणि नंतर अंडी घालून राणी बनते. म्हणजे स्वतःचं घर मांडण्याची कुवत कामकरीत असते. शिवाय राणी एकापेक्षा जास्त नरांशी जुळते आणि राण्या बदलत राहतात, त्यामुळे घरट्यातल्या माश्यांचं एकमेकींशी नातं सख्ख्या बहिणींइतकं जवळचं उरत नाही. मग दुसरीची पिल्लं का पोसायची?

गदगकरांच्या उत्तरातला एक मोठा भाग असा. एकटीनं घरटं मांडणारी माशी पिल्लं मोठी व्हायच्या आत मेली, तर सगळं फुकट जातं. अर्धवट वाढलेल्या अळीला कुणी विचारत नाही. घरट्यात चारजणी असल्या, तर तू मध्येच मेलीस तरी तुझं अर्धं काम दुसरी पुरं करते. तुझे कष्ट वाया जात नाहीत.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ मोबाइल बाजूला ठेवून बसलो होतो. एकट्यानं मांडलेल्या अर्धवट घरट्यांचा एक गठ्ठा माझ्याही बॅगेत होता.

पण थांबा. मी आता दुसऱ्या टोकाला जाऊन ‘मुंगीकडून एकी शिका’ म्हणणार असं वाटत असेल, तर तसं नाही. ते पोस्टरही खोटंच आहे. सरांच्या फ्लेक्सइतकंच.

चितळ आणि वानराच्या मैत्रीचे रील्स तुम्ही पाहिले असतील. वानर झाडावरून पाला पाडतं, चितळ खातं. वाघ दिसला की वानर खाकरतं, चितळ पळतं. छान आहे, पण यात कुणी कुणासाठी काही सोडत नाही. वानर आपल्या टोळीसाठी ओरडतं, ते चितळाला ऐकू येतं. याच वानरांत बाहेरचा नर टोळी बळकावतो तेव्हा आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो. युकिमारू सुगियामांनी धारवाडजवळ साठच्या दशकात हे पाहिलं, आणि सारा हर्डींनी अबूच्या वानरांवर 1977 मध्ये पुस्तक लिहिलं. सातभाईंची टोळी आपसांत प्रेमळ असते आणि शेजारच्या टोळीशी पिसं उपटेपर्यंत भांडते. मधमाश्यांच्या मोहोळात एखाद्या कामकरीनं गुपचूप अंडं घातलं, तर बाकीच्या ते शोधून खाऊन टाकतात. त्या एकीमागे पहारा आहे.

आणि ज्या चातकाला आपण निष्ठेचा पुतळा करून ठेवलं, तो अंडी घालतो सातभाईच्या घरट्यात. पावशाही तेच करतो. सातभाई बिचारे परक्या पिल्लाला भरवत बसतात. मदत करण्याची सवय जिथे आहे, तिथे तिच्यावर जगणारा कुणीतरी पोचतोच.

यातून सर्वांत धोक्याचा निष्कर्ष काढणारे लोकही मला भेटलेत. ते म्हणतात, बघ, निसर्गानंच सांगितलंय, आपल्या रक्ताच्याला धर. म्हणजे आपल्या जातीचा, आपल्या बोलीचा. त्या मित्राला मी गठ्ठा दाखवला नाही, हे एकाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘बरंच केलंस, तो तसाही आपला नाही.’ हॅमिल्टनच्या सूत्रात जात नावाची राशी कुठेच नाही. भाऊ, चुलत भाऊ यांच्यापलीकडे गेलं, की नात्याचा आकडा इतका बारीक होतो, की लाखोंच्या जातीला ‘रक्ताची’ म्हणणं हा निव्वळ बनाव ठरतो. आणि समजा सूत्र तसं म्हणत असतं, तरी काय? वानर पिल्लं मारतं म्हणून आपण मारायची का? जनावरं काय करतात हे आपल्याला परवाना म्हणून वापरता येत नाही. स्वार्थासाठीही नाही आणि त्यागासाठीही नाही.

मग हे सगळं वाचायचं कशाला? कारण परवाना मिळत नसला तरी माहिती मिळते. मदत कुठे टिकते आणि कुठे सडते, याची. जिथे एकट्याचं काम अर्धवट राहतं, जिथे तीच तोंडं पुन्हा पुन्हा भेटतात, जिथे कोण आत आणि कोण बाहेर हे ठरलेलं असतं, आणि जिथे फुकट खाणाऱ्याला हटकणारं कुणी असतं, तिथे मदत टिकते. चांगुलपणा लागतोच, पण त्याला बसायला खुर्ची लागते.

हे फक्त माश्यांचं नाही, याचा पुरावा माझ्याच जिल्ह्यात आहे. 1968 मध्ये गॅरेट हार्डिन नावाच्या जीवशास्त्रज्ञानं एक निबंध लिहिला. सगळ्यांचं मिळून एक कुरण असलं, की प्रत्येक जण आपलं एक जनावर जास्त सोडणार आणि कुरण उजाड होणार, असं त्यात होतं. उपाय दोनच, खासगी मालकी किंवा सरकारी दंडुका. हा निबंध जगभर पाठ झाला. जंगल लोकांच्या हाती दिलं तर लोक ते खाऊन टाकतील, असं म्हणणाऱ्यांना तो फार उपयोगी पडला.

आमच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव त्याला उत्तर आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं हे गोंडांचं गाव. इथली ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं निर्णय घेते. एक जण जरी अडला, तरी पुन्हा बसायचं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पुढे बांबू विकण्याचा परवाना वनखात्याकडेच अडकला होता. तो 2011 च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिला. आणि त्याच 2009 मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जगभरची सामाईक कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी अभ्यासून त्यांनी 1990 च्या पुस्तकात दाखवलं होतं, की लोक मिळून सांभाळू शकतात. त्यासाठी हद्द ठरलेली हवी, नियम त्याच लोकांनी केलेले हवेत, एकमेकांवर नजर हवी, आणि चुकणाऱ्याला आधी हलकी, मग जड शिक्षा हवी.

हे गांधीलमाशीच्या घरट्यापेक्षा फार वेगळं वाटतंय? फरक एकच, आणि तो मोठा आहे. माशी नियम बदलू शकत नाही. आत कोण आणि बाहेर कोण, हे तिला नव्यानं ठरवता येत नाही. आपल्याला येतं. घरी बंगाली बोलणारा माझ्या घरट्यातला आहे, असं मी ठरवू शकलो असतो.

आता सरांचा शेवटचा मुद्दा, जो सगळ्यांना बिनतोड वाटतो. जागा मोजक्या आहेत. तू दुसऱ्याला दिलंस, तर तुझीच जागा जाते. जागा मोजक्या आहेत हे खरं आहे, आणि का मोजक्या आहेत यावर वेगळं भांडायला हवं. पण हिशोब तरी नीट करा. भरतीला अर्ज हजारोंनी येतात. मी शेजाऱ्याला एक गठ्ठा दिला, तर त्या हजारोंमध्ये एक जण थोडा तयार होतो. माझा तोटा जवळजवळ शून्य. त्याच्याकडून मला जे मिळतं, म्हणजे शेवटचे चारशे मीटर, ते मला दुसरं कुणी देणार नव्हतं. तोटा नखाएवढा, फायदा हाताएवढा. हॅमिल्टनची गरज नाही, पाचवीचं गणित पुरे. सरांनी हजारोंची लढाई दोन खुर्च्यांमधली करून दाखवली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन खुर्च्या भांडत राहिल्या, की जागा इतक्या कमी का हे कुणी विचारत नाही, हाही त्यातला एक फायदा. तो मात्र आमचा नाही.

सध्या आम्ही अकरा जण गावातल्या समाजमंदिरात बसतो. एक वही ठेवली आहे. ज्याला जे मिळेल, प्रश्नपत्रिका, पीडीएफ, जाहिरातीची शेवटची तारीख, ते त्यात लिहायचं. घ्यायचं तर द्यायचं. दोन महिने नुसतंच घेतलं, तर सगळ्यांसमोर विचारायचं, आणि तरी सुधारला नाही, तर वही बंद. एकाला आम्ही एकदा बंद केली होती. तो तीन आठवड्यांनी गणिताच्या नोट्स घेऊन आला. भांडणं होतात. मागच्या महिन्यात दोघं बोलत नव्हते. पण घरटं उभं आहे.

भिंतीवर फ्लेक्स नाही. लावायचाच झाला तर सातभाईंचा लावू, त्यात एक चातकाचं पिल्लूही काढू, म्हणजे डोळे उघडे राहतील.

नागपूरच्या त्या गठ्ठ्याचे फोटो काढून मागच्या रविवारी मी हैदराबादच्या नंबरवर पाठवले. एकूण एकशे बारा पानं. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.